फूल गेल्यानंतरचे सहा आठवडे

सप्टेंबर सरत आला होता. इंग्लंडमधल्या आमच्या घराच्या मागच्या पायरीवर बसून मी एक कंद उभा चिरला. हातात रबरी मोजे, खाली जुनं वर्तमानपत्र, बागकामाची सुरी. कंद एवढासाच, सांबारात घालतात त्या छोट्या कांद्याएवढा. बाहेर तपकिरी पापुद्रा, आत एकावर एक चढलेले पांढरे थर, बुडाशी मुळं फुटायची टणक चकती. हुबेहूब कांदा, फक्त डोळ्यांत पाणी येत नव्हतं. सगळ्या थरांच्या पोटात फिकट पिवळसर असं काहीतरी मिटून बसलेलं दिसलं. भिंग धरलं तेव्हा ते ओळखू आलं. इवल्या पाकळ्या होत्या, त्यांच्या आत पुंकेसर होते. ते फूल होतं. कंद अजून मातीत गेला नव्हता, त्याला मुळं फुटली नव्हती, फुलायला पाच महिने बाकी होते, तरी फूल घडून तयार होतं.

एका कंदाचा त्यात जीव गेला, पण छोटे डॅफोडिल लावण्याबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे, ते बहुतेक त्या दोन फाकांमध्ये होतं. दुकानातून कंद आणतो तेव्हा आपण तयार फूल आणत असतो. ते दुसऱ्या कुणीतरी, कुठल्यातरी शेतात, आधीच्या उन्हाळ्यात घडवलेलं असतं. म्हणून पहिल्या वर्षी डॅफोडिल सगळ्यांनाच फुलतात. मलाही फुलले होते. फुलं वाळली, पानं आडवी पडून पिवळी व्हायला लागली, तशी मी ती कात्रीने छाटून कुंडी स्वच्छ केली. दुसऱ्या वर्षी त्या कुंडीत नुसतं गवतासारखं पातं उगवलं. एकही फूल आलं नाही. कारण पुढच्या वर्षीचं फूल घडायचं होतं नेमक्या त्याच आठवड्यांत, आणि ते घडवणारी पानं मी कचऱ्यात टाकली होती.

कांद्याचं भावंड

डॅफोडिल हे नार्सिसस या प्रजातीतल्या झाडांचं इंग्रजी नाव. आजच्या वर्गीकरणात ही प्रजाती अ‍ॅमरिलिडेसी कुळात येते आणि कांदा-लसूणही याच कुळात येतात. आपल्या बागांमधली पावसाळी लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखं फुलणारं मे फ्लॉवर, सुदर्शन ही सगळी याच गोतावळ्यातली. तेव्हा डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो हा योगायोग नाही.

कांद्याची पाकळी म्हणजे खरं तर पानाचा फुगलेला तळ. हिरव्या पात्याने उन्हात जे अन्न तयार केलं, ते त्याच पानाच्या बुडाशी साठत जातं. डॅफोडिलच्या कंदातही तेच होतं. फरक पुढे आहे. कांदा फुलला की संपतो. नाशिककडच्या शेतकऱ्याला हे नीट ठाऊक असतं, म्हणून तर डेंगळा आलेला कांदा त्याला नको असतो. डॅफोडिलचा कंद मात्र फुलूनही मागे उरतो. आतून दरवर्षी नवे थर येतात, जुने बाहेर सरकत रिकामे होतात आणि शेवटी पापुद्रा होऊन गळतात. बाजूला पिल्लं धरतात. एकदा जागा मानवली की हा संसार वर्षानुवर्षं चालतो.

थंडीचा परिणामही दोघांवर निराळा होतो. कांद्याला लांबलेली थंडी लागली की त्यातून फूल धरण्याची सुरुवात होते. डॅफोडिलमध्ये फूल आधीच उन्हाळ्यात घडलेलं असतं. थंडीने त्याचा दांडा लांबायला मोकळा होतो. हा फरक लक्षात राहिला की लागवडीतल्या निम्म्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. त्या आपोआप सुचतात.

वीतभर उंचीच्या फुलांचं माहेर

डॅफोडिल म्हटलं की आपल्याला इंग्लंड आठवतं, आणि शाळेत वर्ड्सवर्थ शिकलेल्यांना तर हमखास. पण या प्रजातीतल्या रानजातींची सर्वाधिक गर्दी आहे स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को या पट्ट्यात. तिथे डोंगरांच्या कुरणांत, ओढ्याकाठी, ग्रॅनाइटच्या कपारीत जे उगवतात ते बहुतेक ठेंगणेच असतात. फुलवाल्याकडे मिळणारा हातभर दांड्याचा मोठा पिवळा डॅफोडिल हे माणसाने शतकभर निवड करून वाढवलेलं रूप आहे. ठेंगणे डॅफोडिल कुणी मोठ्याला आखडून केलेले नाहीत. या घराण्याचं मूळ माप बरंचसं त्यांच्याच जवळचं आहे.

नार्सिसस अ‍ॅस्टुरिएन्सिस ही उत्तर स्पेनच्या डोंगरातली जात जेमतेम बोटभर उंच असते, पण तिच्यात फुलाच्या मधोमधची वाटी म्हणजे कर्णा, पाकळ्या, सगळं मोठ्या डॅफोडिलसारखंच. नार्सिसस बल्बोकोडियमचा कर्णा घेरदार परकरासारखा फुगलेला आणि पाकळ्या मात्र दोऱ्यासारख्या बारीक. इंग्रजीत त्याच्या नावातही परकरच आहे. हे फूल वसंतात ओल्या कुरणात फुलतं आणि उन्हाळ्यात तेच कुरण कडकडीत वाळतं. लंडनजवळच्या विस्ली इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत एका उतरणीवर त्यांनी गवतात असा जम बसवला आहे की वसंतात सगळी उतरण पिवळी होते. नार्सिसस ट्रायँड्रसची फुलं मान खाली घालून लोंबतात. नार्सिसस रुपिकोला खडकाच्या फटीत राहतो.

यातली सगळ्यात गमतीची कहाणी नार्सिसस सायक्लामिनिअसची. त्याच्या पाकळ्या पूर्ण मागे वळलेल्या असतात, जोराच्या वाऱ्यात तोंड दिल्यासारख्या, आणि पुढे लांब अरुंद कर्णा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रांमध्ये हे फूल दिसतं, पण पुढे कुणाला सापडेना. इंग्लंडमधले विल्यम हर्बर्ट हे या कुळाचे मोठे जाणकार. त्यांनी 1837 च्या आपल्या ग्रंथात निकालच देऊन टाकला की असं फूल असूच शकत नाही. पुढे 1885 मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या परिसरात आल्फ्रेड टेट यांना ते ओलसर जागी उगवलेलं सापडलं. चित्रकाराने जे पाहिलं तेच काढलं होतं.

या फुलांमधली ती वाटी किंवा कर्णा नेमका कशापासून बनतो, हा वनस्पतिशास्त्रातला जुना वाद. काही म्हणत तो पाकळ्यांचा भाग, काही म्हणत पुंकेसरांचा. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की कर्णा हा पाकळी आणि पुंकेसर या दोहोंहून वेगळा, इतर भाग तयार झाल्यानंतर उगवणारा स्वतंत्र अवयव आहे. त्याच्या जनुकांची वागणूक मात्र पुंकेसरांच्या जवळ जाते. या अभ्यासासाठी त्यांनी निवडला होता तो हाच परकरवाला छोटा बल्बोकोडियम.

एका बोंडातल्या बिया

बागेत लावायचे छोटे डॅफोडिल म्हणजे या रानजाती आणि त्यांच्या संकरातून आलेले वाण. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिलचे 13 विभाग पाडले आहेत. पाचवा ट्रायँड्रसच्या वळणाचा, सहावा सायक्लामिनिअसच्या, दहावा बल्बोकोडियमच्या. मिनिएचर कुणाला म्हणायचं यासाठी फुलाचा व्यास पाहतात. तो साधारण 50 मिलिमीटरच्या आत हवा. कंदाच्या पाकिटावर नुसतं छोटा किंवा डॉर्फ लिहिलेलं असतं ते दांड्याच्या उंचीवरून, आणि दरवेळी त्या व्याख्येत बसतंच असं नाही.

या फुलांचं नाव घेतलं की अ‍ॅलेक ग्रे यांचं नाव येतं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये, कॅम्बोर्न गावाजवळ त्यांची फुलशेती होती. कॉर्नवॉलमध्ये हिवाळा सौम्य. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांचा भर बाकीच्या देशाआधी फुलं बाजारात पाठवण्यावर. ग्रे यांना आणखी लवकर फुलणारे वाण हवे होते आणि स्पेन-पोर्तुगालच्या ठेंगण्या रानजाती लवकर फुलतात म्हणून त्यांनी त्या संकरासाठी आणल्या. त्यातून जे आलं ते बाजारात विकायला फारच लहान होतं, पण ग्रे यांचा जीव त्यातच गुंतला. पुढे आयुष्यभर त्यांनी छोट्या डॅफोडिलांचंच काम केलं आणि 1955 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं.

त्यांच्याकडे 'सायक्लाटाझ' नावाचा वाण होता. सायक्लामिनिअस आणि टाझेटा गटातलं सोनेरी फूल यांचा हा संकर, नावातच दोघांची नावं. अशा दूरच्या नात्यातल्या संकरांना बी क्वचितच धरतं. एकदा एका बोंडात धरलं. त्यातून तीन रोपं वाढली आणि तिन्हींचे नामांकित वाण झाले: 'जंबली', 'क्विन्स' आणि 'तेत-आ-तेत'. शेवटच्याची नोंदणी 1949 ची. फ्रेंचमध्ये त्या नावाचा अर्थ दोघांनीच जवळ बसून केलेलं हितगुज. एका दांड्यावर बऱ्याचदा दोन फुलं डोक्याला डोकं लावून उमलतात, म्हणून ते नाव.

आज हॉलंडच्या शेतांमध्ये डॅफोडिलच्या इतर कुठल्याही वाणापेक्षा 'तेत-आ-तेत'खाली जास्त जमीन आहे. फेब्रुवारीत ब्रिटनच्या दुकानांत कळ्या आलेल्या छोट्या कुंड्यांची रांग लागते, ती बहुतेक याचीच. आणि यातला प्रत्येक कंद हा त्या एका बीचाच तुकडा आहे. पिल्लाचं पिल्लू, त्याचं पिल्लू. कंद दोन वर्षांत दुप्पट होतो असं धरलं तर चाळीस वर्षांत एकाचे दहा लाखांहून जास्त होतात. प्रयोगशाळेत किंवा शेडमध्ये कंदाच्या फाका करून, प्रत्येक फाकेला बुडाच्या चकतीचा तुकडा ठेवून हा वेग आणखी वाढवता येतो. चकती नसेल तर नुसत्या पाकळीतून काही उगवत नाही.

'तेत-आ-तेत'शिवायही निवडायला पुष्कळ आहे. न्यूझीलंडमधल्या गावाच्या नावाचा 'हावेरा' एका दांड्यावर लिंबाच्या रंगाची अनेक लोंबती फुलं देतो आणि उशिरा येतो. 'मिनो' पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा झुबका. 'जेटफायर'च्या पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि कर्णा नारिंगी. 'सन डिस्क' नावाप्रमाणे सपाट गोल. लवकर येणारा, मधला आणि उशिराचा असे तीन वाण घेतले तर फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत खिडकीत फूल राहतं.

कुंडी भरताना

ब्रिटनमध्ये लावायचा काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. डॅफोडिलची मुळं लवकर फुटायला लागतात, त्यामुळे ट्यूलिपसारखं नोव्हेंबरपर्यंत थांबू नये. कंद हातात घेऊन पाहावा. तो आकाराच्या मानाने जड आणि टणक लागायला हवा. बूड दाबल्यावर मऊ लागलं तर तो आतून सडतो आहे. पापुद्रा थोडा फाटलेला असला तरी बिघडत नाही.

खोलीचा नियम सोपा आहे. कंद जेवढा उंच, त्याच्या दुपटीएवढी तरी माती त्याच्या डोक्यावर हवी. तीन सेंटिमीटरच्या कंदावर सहा-सात सेंटिमीटर. वरवर लावलेला कंद लवकर तापतो, सुकतो आणि स्वतःला सावरण्यासाठी बारीक बारीक पिल्लांमध्ये फुटतो, मग फूल कुणालाच येत नाही. माती निचऱ्याची हवी. कुंडीसाठी दोन भाग कंपोस्ट आणि एक भाग बारीक खडी हे मिश्रण पुरतं. पंधरा सेंटिमीटरच्या कुंडीत 'तेत-आ-तेत'चे सहा-सात कंद जवळजवळ, पण एकमेकांना न चिकटता बसतात. टोक वर, चकती खाली. अगदी बारीक रानजातींच्या कंदांचं टोक कुठलं ते कळेना, तर आडवा ठेवावा. तो स्वतः वळून घेतो.

हे वळून घेणं खरंच घडतं. डॅफोडिलच्या काही मुळांमध्ये आकसण्याची ताकद असते. ती खाली जाऊन माती धरतात आणि मग आखडतात, त्याबरोबर कंद दोरी ओढल्यासारखा थोडा खाली सरकतो. बीपासून वाढणारं पिल्लू वरच्या थरात जन्मतं आणि दरवर्षी अशा ओढीने आपल्या योग्य खोलीला पोचतं.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यायचं आणि कुंडी बाहेर ठेवायची. घरात नाही. भारतातून नव्याने आलेल्या आमच्या ओळखीतल्यांची पहिली चूक हमखास इथेच होते. बिचाऱ्या कुंडीला थंडी वाजेल म्हणून ती उबेला आणली जाते. पण पुढचे तीन-चार महिने थंडी हीच तिची गरज असते. साधारण 9 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली बारा ते सोळा आठवडे मिळाले की कंदाच्या आतल्या रसायनांत बदल होतो आणि दांडा लांबायला तयार होतो. ती थंडी मिळाली नाही तर पानं थोडीफार वर येतात, फूल मात्र आतल्या आत सुकून जातं. वरून काहीच दिसत नसलं तरी शरदात मुळांचं जाळं कुंडीभर पसरत असतं. म्हणून माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही. ओली असावी, चिखल नसावा.

डिसेंबर-जानेवारीत हिरवी टोकं दिसतात. कळी दिसू लागली की कुंडी आत आणता येते, पण खिडकीतल्या थंड जागी. रेडिएटरजवळ ठेवलेलं फूल चार दिवसांत माना टाकतं. बाहेर ठेवलं तर तेच दोन-तीन आठवडे टिकतं.

खरं काम मार्चनंतर

आता तो काळ येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहिला.

फूल वाळलं की ते दांड्याच्या टोकाशी खुडायचं, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात जात नाही. हिरवा दांडा मात्र ठेवायचा, तोही पानासारखंच अन्न तयार करतो. मग पानांना किमान सहा आठवडे हात लावायचा नाही. आठ मिळाले तर उत्तम. कापायची नाहीत, गाठी मारून बांधायची नाहीत, त्यांच्या वेण्या घालायच्या नाहीत. बांधलेल्या पानाचा मधला भाग उन्हाला मुकतो. कुंडी उन्हात ठेवायची, पाणी चालू ठेवायचं आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटॅश जास्त असलेलं पातळ खत द्यायचं. इकडचे लोक टोमॅटोचं खत देतात ते याच कारणासाठी. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि कंद सडायची शक्यता वाढते.

बाहेरून हे सगळं कंटाळवाणं दिसतं. पण त्याच वेळी जमिनीखाली दोन गोष्टी चाललेल्या असतात. पानातलं अन्न उतरून नवे थर भरत असतात. आणि कंदाच्या गाभ्यात वाढीचा इवलासा बिंदू पानं बनवायचं थांबवून फूल बनवायला लागतो. ब्रिटनमध्ये हे मे महिन्याच्या आसपास सुरू होतं. आधी पाकळ्या, मग पुंकेसर, मग बीजकोश आणि शेवटी कर्णा. उन्हाळा संपेपर्यंत घडण पुरी होते. कंद पुरेसा भरलेला नसेल तर तो बिंदू फुलाच्या वाटेला जातच नाही, नुसती पानं बनवतो. माझ्या कुंडीत दुसऱ्या वर्षी जे गवत उगवलं, त्याचा निर्णय आदल्या वसंतातच लागला होता.

जूनमध्ये पानं पूर्ण पिवळी होऊन हलक्या हाताने ओढली तरी सुटतात. मग कुंडी पावसाच्या आडोशाला ठेवून कोरडी होऊ द्यायची. बहुतेक छोट्या जाती उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या डोंगरात झोपणाऱ्या आहेत, त्यांना ही झोप तशीच हवी. सायक्लामिनिअसच्या रक्ताच्या वाणांना मात्र अगदी कडक कोरड मानवत नाही, कारण त्यांचं माहेर ओढ्याकाठचं. तीन-चार वर्षांनी कुंडी उलटून कंद मोकळे करायचे, सहज सुटतील ती पिल्लं वेगळी लावायची. फार दाटी झाली तरी फुलं रोडावतात.

कीड, विष आणि औषध

डॅफोडिलचा एक शत्रू भुंग्यासारखी दिसणारी केसाळ माशी आहे. मे-जूनमध्ये, पानं आडवी पडून मानेजवळ मातीत भोक राहिलेलं असतं, तेव्हा ती तिथे अंडं घालते. अळी खाली उतरते, चकतीतून कंदात शिरते आणि थेट गाभा खाते, म्हणजे नेमकं पुढच्या वर्षीचं फूल. पानं सुकत आली की कंदाच्या मानेभोवतीची माती बोटांनी दाबून भोकं बुजवावीत. एवढ्याने पुष्कळ कंद वाचतात.

दुसरा शत्रू डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्याने ब्रिटनमधली डॅफोडिलची शेती जवळजवळ संपवत आणली होती. विस्लीत काम करणारा जेम्स रॅम्सबॉटम नावाचा तरुण संशोधक त्यावर उपाय शोधत होता. त्याने दाखवलं की कंद ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात काही तास बुडवून ठेवले तर कृमी मरतात आणि कंद जगतो. आजही व्यापारी शेतीत कंद साधारण 44 अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवतात. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तर आतलं फूल भाजतं किंवा कृमी वाचतात.

उंदीर आणि खारी मात्र या कंदाच्या वाटेला सहसा जात नाहीत, कारण तो विषारी आहे. त्यात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, त्याने जोराच्या उलट्या होतात. शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड आणि कातडी चुरचुरते. फुलं खुडणाऱ्या मजुरांच्या हातांना त्याने पुरळ उठतो. मी मोजे घातले होते ते म्हणूनच. मराठी घरासाठी यात एक फार सरळ इशारा आहे: हे कंद कांद्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत. कांदा समजून हे खाल्ल्याच्या घटना घडलेल्या आहेत. 2015 मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटांना पत्र लिहून डॅफोडिल भाजी-फळांपासून दूर ठेवायला सांगितलं होतं. कुत्र्या-मांजरांपासूनही ते जपावेत.

याच घराण्याच्या रसायनांत औषधही आहे. गॅलँटामीन हे द्रव्य स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर आजारात वापरतात. ते आधी याच कुळातल्या स्नोड्रॉपमध्ये सापडलं, आणि डॅफोडिलमध्येही असतं. त्यासाठी वेल्सच्या डोंगराळ शेतांत डॅफोडिलची लागवड झाली आहे.

आणि महाराष्ट्रात?

हा प्रश्न पुण्याच्या नातेवाइकांकडून दर वसंतात येतो, फोटो पाहिला की लगेच. खरं उत्तर असं की बहुतेक छोटे डॅफोडिल आपल्याकडे एक हंगाम फुलवता येतील, सांभाळता येणार नाहीत. कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, कांदे आणि पिकत्या फळांपासून दूर, बारा-चौदा आठवडे ठेवून डिसेंबरअखेर लावले तर थंडीची गरज कशीबशी भागते. फळांतून निघणारा इथिलीन वायू आतल्या कळीला घातक ठरू शकतो म्हणून ही काळजी. पण पुढचं गणित जमत नाही. फूल गेल्यावर पानांना हवे असतात सहा-आठ सौम्य आठवडे, आणि आपल्याकडे मार्च लागताच ऊन चढतं. त्यातूनही कंद तगला तरी जून येतो. ज्या महिन्यांत त्याला कोरडं झोपायचं असतं, त्याच महिन्यांत आपला पाऊस पडतो, आणि कंद कुजतो.

ज्याला थंडीची तेवढी गरज नाही असा एक नातलग आहे, टाझेटा गट. या गटातल्या पांढऱ्या पेपरव्हाइटचे कंद उथळ वाडग्यात खड्यांवर बसवून बुडाला टेकेल इतकंच पाणी ठेवलं तर थोड्याच आठवड्यांत घमघमाट सुटतो. नार्सिसस टाझेटा भूमध्य समुद्राच्या काठापासून काश्मीरपर्यंत आढळतो. तोच आपला नर्गिस, आणि काश्मिरी भाषेत यंबरझल. भुंगा आणि यंबरझल यांच्या लोककथेवर दीनानाथ नादिम यांनी 1953 मध्ये काश्मिरी संगीतिका लिहिली. दांड्याला फुलं पुष्कळ आणि उंचीही जास्त, त्यामुळे मिनिएचर म्हणता येणार नाही, पण हिवाळ्यात पुण्या-नाशिकच्या गॅलरीत फुलू शकेल असा हाच.

मला स्वतःला मात्र दुसरीच एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. कोकणातल्या कातळसड्यांवर, सह्याद्रीच्या पठारांवर असेच छोटे कंद आहेत. रत्नागिरीच्या सड्यांवर उगवणारी पांढरी दीपकाडी कोकणाबाहेर सापडत नाही. पठारांवर पॅनक्रॅशिअमची एक छोटी जात आहे. ती डॅफोडिलच्याच कुळातली, आणि तिच्या पांढऱ्या फुलातही मधोमध वाटी असते, फक्त ती पुंकेसरांच्या देठांपासून बनलेली. स्पेनचा बल्बोकोडियम हिवाळ्याच्या पावसावर जगून उन्हाळाभर झोपतो. आपले हे कंद पावसाळाभर जागे राहून हिवाळा-उन्हाळा झोपतात. ऋतू उलटे, पण रीत एकच: ओल आहे तोवर पानं पसरून साठवायचं, आणि पुढच्या फुलाची शिदोरी बरोबर घेऊन मातीत शिरायचं. पहिल्या पावसानंतर दोन-चार दिवसांत सडा फुलतो तेव्हा आपण म्हणतो पावसाने फुलं आणली. ती आणली आधीच्या पावसाळ्यातल्या पानांनी. सड्यावरचे हे कंद उपटून कुणी कुंडीत आणू नयेत. स्पेन-पोर्तुगालच्या रानातले डॅफोडिल अशाच उपटण्याने ठिकठिकाणी विरळ झाले आहेत. विकत घेताना कंद लागवडीतला आहे याची खात्री करायची ती म्हणूनच.

बियांची वाट

कंदाला पर्याय आहे बी. छोट्या जातींना, विशेषतः बल्बोकोडियमला, फूल न खुडता ठेवलं तर बोंड धरतं. काळं चकचकीत बी शरदात खडीमिश्रित मातीत पेरायचं. पहिल्या वर्षी उगवतं ते एकच केसासारखं पातं. उन्हाळ्यात ते जातं आणि मागे उरतो मोहरी-ज्वारीएवढा कंद. दुसऱ्या वर्षी थोडा मोठा. छोट्या जातींना तीन-चार वर्षांत फूल येतं, मोठ्यांना पाच ते सात लागतात. एवढी वर्षं त्या कुंडीत पाहायला असतं ते नुसतं पानच. बीपासून आलेलं प्रत्येक रोप मात्र नवं असतं, कुणाचाही तुकडा नसलेलं. 'तेत-आ-तेत'ही तसंच आलं होतं.

पानं कापून टाकण्याची चूक केल्यानंतरच्या वसंतात मी त्या फूल न आलेल्या कुंडीला टाकलं नाही. गवतासारखी पानं उन्हात ठेवली, पाणी आणि खत देत राहिलो. फूल नसलेल्या कुंडीला पाणी घालताना सुरुवातीला हात जड होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचं पान सुटलं. कुंडीवर तारीख लिहून ती पायरीखाली कोरडी ठेवली. त्या सप्टेंबरात मी एकही कंद चिरला नाही. फेब्रुवारीत सातांपैकी पाच फुलले.